आडवी बाटली

द्राक्षासवाची बाटली ज्या घरात कधीच आली नाही असे मराठी घर मला तरी ठाऊक नाही. जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव आणि तितकेच पाणी, ही मात्रा आमच्या घरात तीन पिढ्या चालत आली. मनुकांचा काढा करावा, त्यात गूळ आणि धायटीची फुले घालावीत, भांड्याचे तोंड बांधून ते महिनाभर कोपऱ्यात ठेवून द्यावे आणि आत जे व्हायचे ते होऊ द्यावे. आत जे होते त्याला युरोपात वाइन म्हणतात; आपण औषध म्हणतो. दारूचे नाव काढताच कानांवर हात ठेवणाऱ्या कितीतरी आजीबाई हे औषध दोन्ही वेळा नेमाने घेत आल्या, आणि त्यांना भूकही चांगली लागत असे. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेले असते, की यात ५ ते १० टक्के आपोआप तयार झालेला मद्यार्क आहे. 'आपोआप' हा शब्द मला फार आवडतो. त्यात कुणाचाच दोष नाही.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की यंदाच्या दिवाळी अंकात या सदराने तांबड्या वाइनची परीक्षा घेतली आहे हे पाहून काही घरांत अंक मिटला जाण्याचा संभव आहे. मिटू नये. आमचा नियम वाचकांना पाठ आहे: परवडते तेच चाखायचे आणि चाखले तसेच लिहायचे. चहाची भुकटी, डब्यातले तूप, बाजारची लोणची यांना जो न्याय, तोच हिला.

आता यवतमाळात हंगेरीची वाइन आली कशी, ते सांगतो. माझा भाचा दोन वर्षे बुडापेस्टला संगणकाच्या नोकरीत आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य जकातीवाचून आणता येते. त्यातली एक बाटली त्याने मामाच्या सदरासाठी राखून ठेवली. "मामा, अगदी साधी आहे हं. तिकडे लोक रोजच्या जेवणाबरोबर घेतात त्यातली," असे त्याने देतानाच सांगून टाकले. किंमत अडीच हजार फोरिंट. आकडा ऐकून त्याची मामी दचकली. पण फोरिंट हे नाणे आपल्या रुपयापेक्षा पुष्कळ हलके असल्यामुळे हिशेब सहा-साडेसहाशे रुपयांवर आला. हीच बाटली रीतसर आयात होऊन मुंबईच्या दुकानात आली असती, तर परदेशी वाइनवर कित्येक वर्षे चालत आलेली १५० टक्के जकात आणि वर राज्याचे कर मिळून तिने आमच्यासारख्यांकडे पाहिलेही नसते. तेव्हा 'परवडणारी' हा शब्द बुडापेस्टचा समजावा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात मद्य घ्यायला आजही परवाना लागतो. तो मजजवळ आहे. तो प्रकृतीच्या रक्षणासाठी दिला जातो. म्हणजे पुन्हा औषधच.

बाटलीवर नाव होते 'एग्री बिकावेर', म्हणजे एगर गावचे बैलाचे रक्त. नाव वाचून मामीने बाटली देवघरापासून दूरच्या फळीवर नेऊन ठेवली, हे सांगायला हवे. एगर हे गाव हंगेरीच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी आहे. १५५२ साली तुर्कांच्या प्रचंड फौजेने तिथल्या किल्ल्याला वेढा घातला. आत किल्लेदार इश्तवान डोबो आणि जेमतेम दोन हजार माणसे. बायका तटावर चढून लढल्या. पाचसहा आठवड्यांनी तुर्क वेढा उठवून निघून गेले. गोष्ट अशी सांगतात, की किल्ल्यातले लोक तांबडी वाइन पिऊन लढत, ती त्यांच्या दाढ्यांवरून ओघळे, आणि तुर्कांना वाटे हे लोक बैलाचे रक्त पितात. गोष्ट छान आहे. मात्र त्या काळी एगरच्या मळ्यांत मुख्यतः पांढरी वाइन होत असे. तांबड्याची खरी लागवड नंतरची, आणि बिकावेर हे नाव तर एकोणिसाव्या शतकात रूढ झालेले. पण सिंहगडाच्या घोरपडीशी ज्यांचा लहानपणापासून परिचय आहे त्यांनी एगरकरांना हसू नये. पुढे १५९६ साली तोच किल्ला तुर्कांनी घेतला, हे बाटलीवर कुणी छापत नाही.

बिकावेर एका द्राक्षाची नसते. किमान तीन जातींच्या वाइन एकत्र करायच्या असा नियम आहे, आणि त्यांत मुख्य भाग असतो तो केकफ्रांकोश नावाच्या काळ्या द्राक्षाचा. हे द्राक्ष आंबटपणासाठी प्रसिद्ध. साम्यवादी राजवटीत ही वाइन सरकारी कारखान्यात अफाट प्रमाणावर होऊ लागली, स्वस्तात परदेशी गेली आणि तिचे नाव इतके खराब झाले, की चोखंदळ माणूस तिच्या वाटेला जाईना. १९९० नंतर छोट्या मळेवाल्यांनी ती पुन्हा नीट करायला घेतली. कोणती द्राक्षे, किती, कशी मुरवायची याचे नियम झाले. आता तिच्यात साधी आणि वरची अशा प्रती आहेत. आमची अर्थात साधी.

भाच्याने जाताना एक सूचना केली होती: "बाटली आडवी ठेवा, मामा." बूच झाडाच्या सालीचे असते, बाटली उभी राहिली तर ते वाळते, आकसते आणि आत हवा शिरते. म्हणून आठवडाभर ती कोठीच्या खोलीत कांद्यांच्या टोपलीशेजारी आडवी पडून होती. त्या आडवेपणाचा पुढे संबंध येणार आहे.

पुस्तकांत लिहिलेले असते, की तांबडी वाइन खोलीच्या तपमानाला प्यावी. ती खोली युरोपातली, जाड दगडी भिंतींची. तिचे तपमान १६ ते १८ अंश. यवतमाळच्या खोलीचे तपमान आश्विनातही दुपारी ३० च्या आसपास, आणि वैशाखात विचारूच नये. गरम वाइनमधला मद्यार्क नाकात चढतो आणि बाकी सगळे वास त्याच्याखाली दडपले जातात. तेव्हा पाऊणएक तास बाटली शीतकपाटात ठेवली. पेले काचेचे घेतले. स्टीलच्या फुलपात्रात रंग दिसत नाही, आणि रंग पाहणे हा परीक्षेचा पहिला धडा आहे. पेला तिरका धरून त्यामागे पांढरा कागद धरायचा. आम्ही एका लग्नपत्रिकेची मागची बाजू धरली. मधोमध पिकल्या जांभळाच्या रसाचा रंग, पण काठाशी पातळ, तांबूस. फार गर्द नाही. आरपार अक्षरे वाचता येत नव्हती, पण आहेत हे कळत होते.

मग वास. पेला फिरवावा आणि नाक आत घालावे. हे करताना माणूस थोडा मूर्ख दिसतो, त्याला इलाज नाही. युरोपातले लोक या द्राक्षाला आंबट चेरीचा वास आहे म्हणतात. आंबट चेरी आमच्या घरात कुणी खाल्लेली नाही. मला भिजवलेल्या आलुबुखारांचा वास आला, आणि मागून मिरीचा. मामी डोळे मिटून म्हणाली, "नवीन लाकडी कपाट उघडल्यासारखं वाटतंय." ते ओकच्या पिंपांचे, हंगेरीत ओकची जंगले आहेत आणि पिंपे तिथेच होतात. मामीला हे काहीच ठाऊक नव्हते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

पहिला घोट आंबट लागला. कोकमाइतका नव्हे, पण अर्धवट पिकलेल्या बोराचा जो आंबटपणा दाढेखाली जाणवतो, तो. गोडीचा लवलेश नाही. ज्यांच्या मनात वाइन म्हणजे द्राक्षाचे सरबत असेल त्यांनी इथेच पेला खाली ठेवावा. त्यामागून तुरटपणा आला, आणि इथे मात्र आपण मराठी माणसे तयारीची. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत तोच पदार्थ असतो जो हिरड्यात, सुपारीत आणि फार उकळलेल्या चहात असतो; लाळेतल्या प्रथिनांना तो धरून ठेवतो, म्हणून जीभ खरखरीत होते. आपल्याकडे षड्रसांत तुरटाला स्वतंत्र आसन आहे. जांभळे खाऊन जीभ टाळूला चिकटलेली मुले या जिल्ह्यात रस्तोरस्ती दिसतात. मामीने निकाल दिला: "जांभूळच आहे, पण बियांसकट चावलेलं." कुठल्याही परीक्षकाने याहून अधिक काय सांगावे?

दोष सांगायचा तर वाइनच्या मध्यभागी काही नाही. सुरुवात खणखणीत, शेवटी तुरटपणा, आणि मधे पोकळ. एखाद्या व्याख्यात्याने उत्तम प्रास्ताविक करून एकदम आभार मानावेत तसे. गिळल्यावर चव मनात सहा-सात मोजेपर्यंत टिकते. महागड्या वाइनची पंधरा-वीस मोजेपर्यंत टिकते म्हणतात. नाशिककडच्या मध्यम किमतीच्या तांबड्या वाइनची आठवण ठेवून तुलना केली, तर नाशिकची अंगाने जाड आणि आंबटपणाला कमी. कारण ऊन. तिथे द्राक्षे थंडीत पिकवून फेब्रुवारी-मार्चपर्यंत खुडतात, तरी अक्षांश विसाचे; एगरचे अक्षांश अठ्ठेचाळीसच्या जवळपास. कमी उन्हात पिकलेल्या द्राक्षाचा आंबटपणा शिल्लक राहतो.

दिवाळी अंक असल्यामुळे फराळाबरोबर परीक्षा घेणे प्राप्तच होते. (लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्हे. घरात राहायचे आहे.) शंकरपाळ्याबरोबर वाइनचा अक्षरशः शिरका झाला, गोड पदार्थावर कोरडी वाइन दुप्पट आंबट लागते. करंजी, लाडू यांचा प्रश्नच मिटला. चिवड्याने बरे केले, कारण मिठाने तुरटपणा मवाळ होतो. सर्वांत जमली ती चकली: तेल, मीठ, तीळ. दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतले.

जेवणात पाटवडीचा रस्सा होता आणि तिथे फजिती झाली. तर्रीचा रंग आणि वाइनचा रंग शेजारी शेजारी फार शोभून दिसला, पण मद्यार्काने तिखट भडकते आणि तुरटपणाने ते घशात चिकटून बसते. हंगेरीचे लोक तर मिरचीभक्त. त्यांचा गुयाश हा गुराख्यांचा रस्सा लालभडक असतो आणि त्याच्याशी ही वाइन जाते. पण ती मिरची रंगाची आणि गोडसर. आपली भिवापुरी नव्हे. मिरची मूळची अमेरिकेतली. त्यांच्याकडे ती तुर्कांच्या मुलखातून गेली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. त्यांनी तिला शांत केले आणि वऱ्हाडाने तिला आणखी चिडवले. रस्सा बाजूला सारून वांग्याचे भरीत घेतले, तेव्हा मात्र दोघांनीही मान डोलावली. भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि पिंपाच्या लाकडाचा वास यांची ओळख निघाली. ज्यांना प्रयोग करायचा असेल त्यांनी भरीत करावे, हिरवी मिरची निम्मी करावी.

दोघांत मिळून तीन पेले झाले. उरलेल्या बाटलीला बूच लावून ती शीतकपाटात गेली, आणि सकाळी आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी आल्या.

मावशींनी ती बाटली आठवडाभर आधी कोठीत पाहिली होती आणि तेव्हाच मामीला विचारले होते, "बाई, हे आडवी कायले ठेवली? बंद केली का?" मामीला कळेना. वाचकांपैकीही पुणे-मुंबईकडच्यांना कळणार नाही, म्हणून सांगतो. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी तशी मागणी करावी लागते. मग बायकांचे गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली तर दुकान बंद. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या सेवाग्रामामुळे दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. मधल्या आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी ती इथेही व्हावी म्हणून मोर्चे काढले आहेत. मावशींच्या माहेरच्या गावी मतदान झाले होते आणि त्या त्यासाठी दारोदार फिरल्या होत्या.

"जितलो आम्ही," त्या म्हणाल्या. "दुकान गेलं. मानसं बाजूच्या गावाले जाऊन पेतेत, ते काई सुटलं नाई. पन आता संध्याकाळी हापशीवर पानी आनाले बाई भेत नाई. तेवढं झालं."

मग त्यांनी किंमत विचारली. मामीने खोटे बोलायचा प्रयत्न केला नाही. सहाशे हा आकडा ऐकून मावशी काही बोलल्या नाहीत. शेतातल्या बाईची ती दोन-तीन दिवसांची मजुरी. पेला विसळण्याआधी त्यांनी तो नाकाशी नेला. मला वाटले, आता त्या तोंड फिरवतील. त्यांनी नीट वास घेतला आणि म्हणाल्या, "मोहासारखी नाई हे. मोहाचा वास घरात यायच्या आंधी आंगनात येते. याचा जवळ गेल्याबिगर येत नाई."

मी वाइनवरची पुष्कळ वर्णने वाचली आहेत. याच्या तोडीचे एकही आठवत नाही. नेमकेपणा आहे त्यात. आणि हा वास त्या कशामुळे शिकल्या असतील, हेही त्यात आहे.

मोहाबद्दल इथे लिहिलेच पाहिजे. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतल्या कोलाम, गोंड, परधान कुटुंबांना मोहाचे झाड म्हणजे घरातले माणूस. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले टपटपतात आणि सकाळी टोपल्या घेऊन बायका-मुले वेचतात. अस्वलेही वेचतात, म्हणून जरा जपून. ताजे फूल मऊ, रसाळ आणि इतके गोड असते, की दोन-चार खाल्ल्यावर पुरे होते. वाळवलेली फुले वर्षभर टिकतात, भाकरीत, लाडवांत जातात. हीच फुले भिजवून, आंबवून, वाफ धरून दारू गाळतात. चरकसंहितेत मधूकासव आहे. म्हणजे आमच्या आजीबाईंच्या द्राक्षासवाचे हे भावंडच. पण द्राक्षासव कपाटात गेले आणि मोह फरार झाला. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८९२ साली मोहफुलांवर कायदाच केला; नुसती फुले बाळगणेही गुन्हा ठरू शके, कारण अबकारीचे उत्पन्न बुडत होते. स्वातंत्र्यानंतरही फुलांच्या साठ्यावर, वाहतुकीवर बंधने राहिली. ती राज्य शासनाने २०२१ मध्ये उठवली. परवान्यावाचून दारू गाळणे अर्थात आजही गुन्हाच.

याचा चवीशी संबंध आहे, म्हणून हे या सदरात. पोलिसांच्या भीतीने रात्री घाईघाईने गाळलेली दारू मुरवायची कुणी? पहिली धार कोणती टाकावी, किती दिवस ठेवावी, कोणत्या गावचे फूल बरे, हे ज्ञान घाईत टिकत नाही. शेवटी एकच प्रश्न उरतो, चढते की नाही. बाजारातली देशीची बाटलीही चव लागू नये म्हणूनच एका दमात रिचवतात. एगरच्या मळेवाल्याची वाइनही सरकारी कारखान्यात अशीच बेचव झाली होती. तिला तिथल्या लोकांनी नियमांनी आणि नावाने परत आणले. मोहाला असे कुणी आणील का? दक्षिणेत आणि मध्य प्रदेशात चांगल्या काचेच्या बाटलीतला मोह विकायला निघाला आहे. पण मावशींच्या हापशीचे काय, हा प्रश्न त्या बाटलीवरच्या कागदात मावत नाही, आणि मला त्याचे उत्तर द्यायचा अधिकारही नाही. मावशींना मत विचाराल तर त्या मोहाचीही बाटली आडवीच करतील.

आता निकाल. रंग बरा, वास चांगला, मिरीसाठी अधिक, आंबटपणा प्रामाणिक, तुरटपणा नवशिक्याला जड, मधला भाग रिकामा. बुडापेस्टच्या किमतीत दहापैकी साडेसहा. आयात किमतीत चार, आणि त्या पैशात नाशिकची दोन वेळा घ्यावी. मामीने सहा दिले आणि वर शेरा मारला, की तिला पुढच्या वेळी जांभूळ आवडेल, खरे.

उघडलेली बाटली थंड जागी दोन-तीन दिवस बरी राहते. आमची तिसऱ्या दिवशी थोडी मवाळ लागली, मिरी गेली आणि आलुबुखार पुढे आला; काहींना ही अवस्थाच अधिक आवडेल. पाचव्या दिवशी ती सरळ शिरक्याच्या वाटेला लागली. कांद्याच्या पातळ चकत्या मीठ-साखर लावून तिच्यात तासभर बुडवून ठेवल्या. गुलाबी झाल्या. भाकरीबरोबर त्या इतक्या चांगल्या लागल्या, की कांद्यांना मी आठ गुण दिले आहेत. बाटली धुऊन मावशी घेऊन गेल्या. तिच्यात आता त्यांच्याकडे जवसाचे तेल असते, आणि ती उभी आहे.